उजवे बटण दाबून ओढलेली रेघ

ब्राउझरमध्ये लांबलचक मजकूर वाचताना मागच्या पानावर जायचे असेल, तेव्हा बहुतेक माणसे जे करतात ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. नजर ओळीवरून उठते आणि पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जाते. हात माउस सरकवतो, कर्सर बाणाच्या चिन्हापाशी पोचतो, किंचित पुढे जातो, मागे येतो, स्थिरावतो, मग क्लिक होते. पान बदलले की हाच प्रवास उलट दिशेने करायचा, आणि वाचत होतो ती जागा पुन्हा शोधायची. त्याऐवजी उजवे बटण दाबून धरले, कर्सर होता तिथूनच डावीकडे थोडासा ओढला आणि बटण सोडले, तरी तेच काम होते. कर्सर मजकुरावरच राहतो, नजरही फारशी हलत नाही. या ओढलेल्या रेघेला माउस जेश्चर म्हणतात. ऑपेरा ब्राउझरने २००१ मध्ये ही सोय दिली. तेव्हापासून ती कुठल्या ना कुठल्या रूपात मिळत आली आहे, आणि तरीही रोज आठ-आठ तास संगणकावर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती ठाऊक नाही. या पद्धतीचा फायदा खरा आहे, पण तो घड्याळातल्या सेकंदांपेक्षा लक्ष न मोडण्यात जास्त आहे, असे माझे मत आहे. ती पसरली नाही याचे कारणही मला माणसाच्या हातात किंवा स्मरणशक्तीत दिसत नाही. ती कशी शिकवली गेली, किंबहुना शिकवलीच गेली नाही, यात ते आहे.

आधी वेळेचा हिशेब. एखाद्या ठिकाणावर हात नेऊन टेकवायला किती वेळ लागतो याचा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडला: लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ जास्त. स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की माउसलाही हाच नियम लागू पडतो. पडद्यावर हजार ठिपके दूर असलेले, तीस ठिपके रुंदीचे बटण घेतले तर या नियमाच्या मापात ते सुमारे पाच बिट इतके अवघड भरते. माउसने माणूस सेकंदाला साधारण चार ते पाच बिट पेलतो, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला सेकंदभर तरी गेलाच. कार्ड, मोरन आणि न्यूवेल यांनी १९८० मध्ये संगणकावरच्या कामाच्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी जे कोष्टक दिले, त्यातही माउसने कर्सर एका जागी नेण्याचा सरासरी वेळ १.१ सेकंद आहे. या हिशेबात परतीचा प्रवास बहुधा धरलाच जात नाही. बटण दाबल्यावर काम संपले असे मोजणारा मानतो, पण वाचणाऱ्याला जिथे होतो तिथे परत यावेच लागते. जेश्चरमध्ये गाठायचे लक्ष्यच नसते. दिशा बरोबर असली की झाले, रेघ कुठे संपते याला महत्त्व नाही. लक्ष्य नाही म्हणून नेम धरणे नाही, आणि मूळ जागा सोडलेली नाही म्हणून परतणेही नाही.

न्यूझीलंडमधल्या मॉयल आणि कॉकबर्न या संशोधकांनी २००३ मध्ये नेमकी हीच तुलना केली, नेहमीचे ‘मागे’ बटण आणि माउसचा एक झटका. झटक्याने पाने पालटणे लक्षणीयरीत्या जलद ठरले आणि भाग घेणाऱ्यांनाही ते मनापासून आवडले. ‘मागे’ हीच आज्ञा निवडण्याला कारण होते. टॉशर आणि ग्रीनबर्ग यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोक उघडत असलेल्या पानांपैकी ५८ टक्के पाने आधी पाहिलेलीच होती, आणि वेबवरच्या एकूण हालचालींपैकी सुमारे ३० टक्के ‘मागे’ या एका बटणाने होत होत्या. इथे एक आक्षेप रास्त आहे. हे आकडे जुने आहेत. २००६ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या बटणाचा वाटा सुमारे १४ टक्क्यांवर आला होता. पण तो वाटा हवेत विरला नाही. लोक दुवे नव्या खिडक्यांत आणि टॅबमध्ये उघडू लागले, म्हणजे ‘मागे’ची जागा टॅब उघडणे, बंद करणे आणि एकावरून दुसऱ्यावर जाणे यांनी घेतली. बंद करण्याचे फुलीचे चिन्ह तर बाणापेक्षाही लहान, आणि टॅब वाढतील तसे आणखी चेपले जाणारे. फिट्सच्या नियमाप्रमाणे पाहिले तर जेश्चरची गरज कमी होण्याऐवजी वाढलीच आहे.

माउसच्या आधीपासून पडद्यावर रेघ ओढून आज्ञा देण्याची कल्पना आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये स्केचपॅडमध्ये प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट आकृत्या काढून दाखवल्या. रँड संस्थेची लेखणी-पाटी १९६४ मधली, आणि तिच्यावर त्याच दशकात हाताने काढलेल्या खुणा ओळखणारी प्रणाली उभी राहिली. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउसचे जे प्रात्यक्षिक केले, त्यात त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा छोटा फलक. कळा एकत्र दाबून आज्ञा द्यायची आणि माउसने जागा दाखवायची, असे ते विभाजन होते. सराव करून कौशल्य कमावायचे, हा त्यामागचा विचार. १९८४ च्या मॅकिंटॉशने एक बटण ठेवले आणि सगळ्या आज्ञा दिसणाऱ्या मेन्यूत मांडल्या. नवख्या माणसाला संगणक खुला झाला, हे फार मोठे काम होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर एक गृहीतक रुजले: माउस म्हणजे दाखवणे आणि टिचकी मारणे. माउसच्या हालचालीलाच स्वतःचा अर्थ असू शकतो, ही शक्यता पुढची बरीच वर्षे प्रयोगशाळांत राहिली.

त्या प्रयोगशाळांतल्या एका धाग्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या साऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे असे मला वाटते. १९८८ मध्ये कॅलाहन, हॉपकिन्स, वायझर आणि श्नायडरमन यांनी उभ्या यादीसारख्या मेन्यूची तुलना गोल मेन्यूशी केली. गोल मेन्यूत कर्सर मध्यभागी असतो आणि पर्याय त्याच्याभोवती पाकळ्यांसारखे पसरलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पर्याय सारख्याच अंतरावर पण वेगळ्या दिशेला येतो. आठ पर्यायांच्या त्या चाचणीत गोल मेन्यूवर निवड सुमारे १५ टक्के लवकर झाली. टोरांटोत गॉर्डन कर्टनबाख आणि विल्यम बक्स्टन यांनी यापुढचे पाऊल टाकले. त्यांची युक्ती अशी: बटण दाबून साधारण एक-तृतीयांश सेकंद थांबलात तर गोल मेन्यू उमटेल, आणि न थांबता त्याच दिशेला रेघ ओढलीत तर मेन्यू न दिसताच आज्ञा पाळली जाईल. नवखा थांबतो, पाहतो, ओढतो. जाणता नुसता ओढतो. दोघांच्या हाताची हालचाल मात्र एकच. म्हणजे नवखा जेव्हा मेन्यू पाहून पर्याय निवडतो, तेव्हा नकळत तो जाणत्याच्या हालचालीचाच सराव करत असतो. शिकायला वेगळा वेळ काढावा लागत नाही, कारण वापरणे हेच शिकणे होते. यादीतून ‘कॉपी’ शोधून टिचकी मारणारा माणूस वर्षभर तसे करत राहिला, तरी कंट्रोल आणि सी या कळा त्याच्या बोटांना आपोआप येत नाहीत. इथे येतात.

१९९४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष कामात हा मेन्यू वापरणाऱ्या दोन व्यक्तींची नोंद आहे. दोनच व्यक्ती म्हणजे पुरावा तोकडा, हे मान्य करूनच तो वाचायला हवा. पण त्यातून जे दिसले ते बोलके आहे. मेन्यू उमटवून निवडण्यापेक्षा नुसती रेघ ओढणे सरासरी साडेतीन पट जलद होते. वारंवार लागणाऱ्या आज्ञा आधी रेघेवर आल्या, क्वचितच्या मेन्यूवरच राहिल्या. कामात खंड पडला की वापरणारे पुन्हा मेन्यूकडे वळत आणि थोड्याच वेळात रेघेवर परत येत. विसरण्याची अशी सोय कळफलकाच्या शॉर्टकटमध्ये नसते. तिथे विसरलात की थेट सुरुवातीला. मर्यादाही त्यांनीच १९९३ मध्ये मोजल्या होत्या. एका पातळीवर आठ दिशा असतील तर दोन पातळ्यांपर्यंत, आणि चारच दिशा असतील तर चार पातळ्यांपर्यंत हात भरवशाने चालतो. त्यापुढे चुका वाढतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे या सरळ दिशा तिरप्या दिशांपेक्षा पक्क्या. या आकड्यांचा सरळ अर्थ असा की माउसच्या रेघांत शेकडो आज्ञा भरता येणार नाहीत. मूठभर भरता येतील, आणि त्या नीट निवडल्या तर मूठभर पुरतात.

ऑपेराने २००१ मध्ये जेश्चर आणले तेव्हा याच मर्यादेत राहण्याचे शहाणपण दाखवले. उजवे बटण धरून डावीकडे म्हणजे मागे, उजवीकडे म्हणजे पुढे, खाली म्हणजे नवे टॅब, वर जाऊन खाली म्हणजे पान ताजे करणे, खाली जाऊन उजवीकडे म्हणजे बंद करणे. शिवाय उजवे बटण धरून डावे दाबले की मागे, डावे धरून उजवे दाबले की पुढे. यात तर माउस हलवायचाही नाही. प्रोग्रामच्या आत जे घडते ते साधे आहे. बटण दाबले की तो लगेच काही करत नाही. कर्सर ठरावीक अंतर सरकला की चारपैकी कुठली दिशा प्रबळ आहे ते पाहून तिची नोंद करतो, दिशा बदलली तरच नवी नोंद करतो, आणि बटण सुटल्यावर ‘खाली, उजवीकडे’ अशी जी माळ तयार झाली ती आपल्या यादीत शोधतो. सापडली तर आज्ञा, नाही तर काहीच नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या खेळात माउसने आकार काढून मंत्र टाकता येत होते, आणि त्या दोन्हींमुळे ही कल्पना सामान्य वापरणाऱ्यांपर्यंत पहिल्यांदा पोचली.

इथे एक फाटा फुटला, आणि माझ्या मते तो चुकीच्या दिशेने गेला. आकार ओळखण्याचे तंत्र सुधारत होते. डीन रुबिन यांनी १९९१ मध्ये रेघेची तेरा गुणमापे घेऊन नमुन्यांवरून शिकणारी पद्धत दिली. २००७ मध्ये वॉब्रॉक, विल्सन आणि ली यांनी जेमतेम शंभर ओळींत लिहिता येईल अशी पद्धत मांडली. तीत रेघेचे ६४ समान बिंदू केले जातात, ती ठरावीक कोनात फिरवली जाते, एका मापात बसवली जाते आणि साठवलेल्या नमुन्यांशी पडताळली जाते. प्रत्येक आकाराचे तीन नमुने दिले तर ओळख ९९ टक्क्यांवर अचूक. मग जेश्चरच्या प्रोग्राममध्ये तारे, त्रिकोण, अक्षरे, सर्पिल असे आकार आले आणि प्रत्येकाला एकेक आज्ञा जोडता येऊ लागली. दिसायला हे आकर्षक, पण रोजच्या कामाला उपयोग कमी. २००७ च्या त्या पद्धतीचीच मर्यादा पाहा. ती रेघ फिरवून जुळवते म्हणून वर जाणारा बाण आणि खाली येणारा बाण तिला सारखेच, आणि एका मापात बसवताना सरळ आडव्या-उभ्या रेघा तिच्याकडून बिघडतात. म्हणजे सर्वांत उपयोगी जेश्चर नेमके तिच्या कक्षेबाहेर. ही त्या संशोधकांची चूक नव्हे. त्यांनी या मर्यादा स्वतःच सांगितल्या आहेत. पण यावरून एवढे कळते की संगणकाने किती आकार ओळखावेत हा अडचणीचा प्रश्न कधी नव्हताच. माणसाला ते आकार कोण आणि कधी दाखवणार, हा होता.

कळफलकाचे पुरस्कर्ते म्हणतात, शॉर्टकट असताना रेघा कशाला? दोन्ही हात कळांवर असलेल्या माणसाच्या बाबतीत हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. लिहिणाऱ्याने, कोड करणाऱ्याने, टंकलेखन करणाऱ्याने शॉर्टकटच वापरावेत. १९८० च्या त्याच कोष्टकात हात माउसवरून कळफलकावर नेण्याला ०.४ सेकंद धरले आहेत, आणि परत आणण्याला तेवढेच. हात आधीच कळांवर असेल तर हा खर्च जेश्चरवाल्याच्या माथी पडतो, माउसवर असेल तर शॉर्टकटवाल्याच्या. वाचताना, चित्र निवडताना, नकाशा किंवा आराखडा पाहताना हात माउसवर असतो. डाव्या हाताचे बोट छापील प्रुफाच्या ओळीवर ठेवून उजव्या हाताने पडद्यावरचे पान पुढे-मागे करणाऱ्या मुद्रितशोधकाला एकच हात मोकळा असतो. दुसरे असे की शॉर्टकट चांगले असले तरी लोक ते शिकत नाहीत. लेन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वर्ड वापरणाऱ्या २५१ अनुभवी लोकांची पाहणी केली. वर्षानुवर्षे वापरूनही त्यांतले बहुतेक नेहमीच्या आज्ञांसाठी चिन्हांवर आणि मेन्यूवरच टिचक्या मारत होते. कॅरोल आणि रॉसन यांनी १९८७ मध्येच याचे कारण सांगितले होते. माणसाला हातातले काम पुरे करायचे असते, साधन शिकायचे नसते. आणि स्मरणाचा प्रश्न म्हणाल तर अ‍ॅपेर आणि झाई यांच्या २००९ च्या प्रयोगात सारखाच सराव दिल्यावर रेघांचे शॉर्टकट कळांच्या शॉर्टकटपेक्षा जास्त आणि कमी चुकांनी आठवले. हालचालीला दिशा असते, आकार असतो. दोन कळांच्या जोडीला तसे काही नसते. मराठीत काम करणाऱ्याला हे आणखी पटावे. शॉर्टकटची अक्षरे इंग्रजी नावांवरून आलेली आहेत आणि इन्स्क्रिप्टवर टंकणाऱ्याची बोटे त्याच कळांवर वेगळीच अक्षरे शोधत असतात. डावीकडची रेघ मात्र कुठल्याही लिपीत डावीकडचीच.

सर्वांत गंभीर आक्षेप डोनाल्ड नॉर्मन आणि जेकब निल्सन यांचा. २०१० मध्ये त्यांनी जेश्चरवर चालणाऱ्या साधनांवर लिहिताना म्हटले की हे उपयुक्ततेच्या बाबतीत मागे टाकलेले पाऊल आहे. काय करता येते ते पडद्यावर दिसत नाही, एका प्रोग्राममधली खूण दुसऱ्यात चालत नाही, चुकून झालेली हालचाल काय करून गेली ते कळत नाही. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. जेश्चर देणाऱ्या ब्राउझरमध्येही त्यांची यादी सेटिंगमध्ये आत कुठेतरी दडलेली असते. तिथे पोचणारा माणूस आधीच त्या विषयाची आवड असलेला असतो, आणि ज्याला गरज आहे तो कधीच पोचत नाही. पण हा आक्षेप जेश्चर लपवण्यावर आहे, जेश्चरवर नाही. कर्टनबाख यांच्या मेन्यूत थांबले की पर्याय समोर येतात. बाऊ आणि मॅके यांनी २००८ मध्ये दाखवलेल्या ‘ऑक्टोपोकस’ या रचनेत तर रेघ ओढता ओढता पुढचे संभाव्य मार्ग रंगीत रेषांनी उमटत जातात आणि जे शक्य उरत नाहीत ते पुसट होतात. दिसण्याची अट पाळणारे जेश्चर करता येते हे नॉर्मन आणि निल्सन यांच्या लेखाआधीच सिद्ध झाले होते. लोकांच्या हाती पडले ते मात्र दुसरे.

हे दाखवणारे जेश्चर जिथे रुजले ती क्षेत्रे पाहिली की फरक कळतो. कर्टनबाख नंतर एलियास कंपनीत गेले आणि १९९८ मध्ये आलेल्या माया या त्रिमितीय चित्रणाच्या प्रोग्राममध्ये हे मेन्यू पहिल्यापासून होते. अ‍ॅनिमेशनचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हाताला आज ते इतके सवयीचे आहेत की त्यांना वेगळे नाव देण्याची गरज वाटत नाही. ब्लेंडरमध्ये २०१४ पासून गोल मेन्यू आहेत. यंत्रभागांचे आराखडे करण्याच्या सॉलिडवर्क्समध्ये २०१० च्या आवृत्तीपासून उजवे बटण धरून ओढले की कर्सरभोवती आज्ञांचे कडे येते आणि ज्या चिन्हावरून कर्सर कडे ओलांडतो ती आज्ञा सुरू होते. बटण सुटण्याचीही वाट पाहिली जात नाही. स्केच, भाग, जुळणी आणि ड्रॉइंग यांसाठी वेगवेगळी कडी ठेवता येतात. पुणे-चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांतल्या डिझाइन विभागांना हे प्रोग्राम परिचयाचे आहेत. तिथे दिवसभर उजवा हात माउसवर असतो, भाग फिरवणे, माप टाकणे, समोरून पाहणे या आज्ञा सतत लागतात, आणि नजर मॉडेलवरून हलली तर कोणती कड निवडली होती तेच हरवते. जेश्चरसाठी याहून योग्य जागा नाही. तिथे ते टिकले, कारण कडे डोळ्यांसमोर येऊन शिकवत होते.

ब्राउझरमध्ये याच्या उलट घडले. ऑपेरात ते आत बसवलेले होते, पण फायरफॉक्समध्ये फायरजेश्चर्ससारख्या एक्स्टेन्शनवर सोडले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आले, जुन्या धाटणीची एक्स्टेन्शन एका झटक्यात बंद पडली आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्यांना ब्राउझरच्या स्वतःच्या पानांवर चालण्याची मुभा नाही. सेटिंगच्या पानावर किंवा अर्धवट उघडलेल्या पानावर रेघ ओढली की काहीच होत नाही. अधूनमधून दगा देणारी खूण हाताला कधीच सवयीची होत नाही, कारण प्रत्येक वेळी ती चालली का हे डोळ्यांनी तपासावे लागते, आणि मग तिचा मुख्य लाभच जातो. शिवाय अशा एक्स्टेन्शनला सर्व संकेतस्थळांवरचा मजकूर वाचण्याची परवानगी द्यावी लागते. बँकेचे व्यवहार त्याच ब्राउझरमध्ये करणाऱ्याने यावर विचार करणे शहाणपणाचेच. अडचणी ब्राउझरच्या खालच्या थरातही आहेत. विंडोजमध्ये उजव्या बटणाचा मेन्यू बटण सोडल्यावर येतो, मॅक आणि लिनक्सवर तो दाबताक्षणी येतो, त्यामुळे तिथे ओढण्याआधीच मेन्यू आडवा येतो. लिनक्सवरचे ईझीस्ट्रोकसारखे साधन जुन्या एक्स-११ प्रणालीवर सगळ्या प्रोग्राममध्ये चालत असे. नव्या वेलँड प्रणालीत सुरक्षेसाठी एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या हालचाली पाहू दिल्या जात नाहीत, म्हणून ते निकामी झाले. सुरक्षेचा तो निर्णय योग्यच आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जेश्चर ही बाहेरून चिकटवण्याची वस्तू नाही, ती ऑपरेटिंग सिस्टिमनेच द्यायला हवी. विवाल्डीने ती आपल्या ब्राउझरमध्ये आतून दिली आहे, मायक्रोसॉफ्ट एजनेही २०२३ मध्ये दिली. मात्र दोन्ही ठिकाणी तिची हद्द ब्राउझरच्या चौकटीपाशी संपते.

कोणी म्हणेल, हा वाद संपला आहे. स्पर्शाने तो जिंकला. २००७ च्या आयफोननंतर बोटाने सरकवणे सर्वांच्या अंगवळणी पडले, २०१७ मध्ये आयफोन टेनने होम बटण काढले, २०१९ च्या अँड्रॉइड १० ने कडेवरून आत सरकवणे म्हणजे मागे जाणे अशी पूर्ण जेश्चरची व्यवस्था दिली. लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर दोन-तीन बोटांच्या खुणा आहेतच. हे सगळे खरे आहे, आणि माझ्या मुद्द्याला त्यातून बळच मिळते. ज्या लोकांना खुणा लक्षात राहणार नाहीत असे म्हटले जात होते, तेच लोक आज रस्त्यावर चालता चालता अंगठ्याने मागे जातात. त्यांना ते जमले, कारण खूण सगळीकडे एकच होती, यंत्रासोबतच आली होती आणि टाळता येत नव्हती. माउसच्या वाट्याला यातले एकही आले नाही. बाजूच्या बटणांचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. १९९९ च्या इंटेलिमाउस एक्स्प्लोररपासून अंगठ्याखाली ‘मागे’ आणि ‘पुढे’ची बटणे असलेले माउस मिळतात, आणि या दोन आज्ञांसाठी ती रेघेपेक्षा सरस आहेत यात शंका नाही. ज्याच्याकडे असा माउस आहे त्याने तीच वापरावीत. पण कार्यालयांत मिळणारा साधा माउस दोन बटणांचा आणि चाकाचा असतो, आणि टॅब बंद करणे, बंद झालेले परत उघडणे, शेजारच्यावर जाणे यांना अंगठ्याखाली जागा उरत नाही.

शरीराचा विचार न करता कार्यक्षमतेची भाषा करणे बरोबर नाही. मॅकेन्झी, सेलन आणि बक्स्टन यांनी १९९१ मध्ये दाखवले की बटण दाबून ओढणे हे नुसत्या नेम धरण्यापेक्षा हळू आणि जास्त चुकांचे असते, कारण बोट ताणलेले ठेवून मनगट हलवावे लागते. जेश्चरमध्ये शेवटचा नेम नसल्याने चुकांचा भाग पुष्कळ कमी होतो, ताणाचा होत नाही. ज्यांचे मनगट किंवा बोटे दुखतात त्यांनी रेघ छोटी ठेवावी, दोन वळणांच्या खुणा टाळाव्यात, आणि दुखणे वाढले तर हे सोडून द्यावे. हात थरथरणाऱ्याला सरळ रेघही अवघड जाते. वेबच्या सुगम्यतेच्या २०१८ च्या निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, ठरावीक मार्गाने ओढण्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक कामाला साध्या टिचकीचा पर्याय असलाच पाहिजे अशी अट आहे, आणि ती अगदी प्राथमिक पातळीवर ठेवली आहे. जेश्चरच्या कोणत्याही समर्थकाने ही अट बिनशर्त मानायला हवी. दिसणारे बटण काढून त्या जागी अदृश्य रेघ आणणे, हे फोनवर घडले तसे, मला मान्य नाही. रेघ ही बटणाच्या जोडीला असावी.

आता तो सेकंदांचा हिशेब पुन्हा प्रामाणिकपणे मांडू. एका खेपेला एक सेकंद वाचतो आणि दिवसात दोनशे खेपा होतात असे धरले, तरी बचत साडेतीन मिनिटांच्या आतच. एवढ्यासाठी कोणी सवय बदलावी असे मी म्हणणार नाही. १९८० च्या त्या कोष्टकात आणखी एक आकडा आहे, पुढच्या कृतीसाठी मनाची जुळवाजुळव करायला लागणारे १.३५ सेकंद, आणि तो माउस सरकवण्याच्या वेळेपेक्षा मोठा आहे. कोपऱ्यातले चिन्ह शोधायला नजर गेली की वाचलेल्या वाक्याचा धागा हातातून सुटतो, आणि तो परत पकडण्याचा खर्च स्टॉपवॉचवर दिसत नाही. निकालपत्र वाचणारा वकील, दोन आराखडे ताडून पाहणारा अभियंता, जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने चाळणारा अभ्यासक यांना वाचलेली साडेतीन मिनिटे नकोत, न तुटलेला धागा हवा आहे. रेघ ओढताना डोळे मजकुरावर राहतात, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

त्यामुळे कोणत्या आज्ञांना रेघ द्यायची हे वारंवारतेइतकेच चुकीच्या किमतीवर ठरवायला हवे. मागे, पुढे, शेजारचे टॅब यांना एकेक सरळ रेघ द्यावी, कारण चूक झाली तर उलट रेघेने सुधारते. बंद करण्याला खाली-उजवीकडे असे वळण असणे योग्य, म्हणजे नुसत्या निसटत्या हालचालीने टॅब जाणार नाही. आणि बंद झालेले परत आणण्याची खूण तिच्याबरोबरच शिकावी, तिच्याशिवाय नाही. काढून टाकणे, पाठवणे, पैसे भरणे यांना जेश्चर देऊच नये. चार-पाच खुणा हातात पक्क्या बसेपर्यंत सहावी जोडू नये. वापरणाऱ्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करता येणार नाही, बाकीचे काम बनवणाऱ्यांचे आहे. त्यांना नवे काही शोधायचे नाही. उजवे बटण दाबून एक-तृतीयांश सेकंद थांबले की चार दिशांच्या चार आज्ञा कर्सरभोवती उमटाव्यात, न थांबणाऱ्याला त्या दिसू नयेत, आणि हे ब्राउझरपासून फाइलींच्या खिडकीपर्यंत सगळीकडे सारखे असावे. ही रचना तीस वर्षांहून अधिक काळ लिहून, मोजून ठेवलेली आहे, आणि विंडोज किंवा मॅक यांपैकी एकाही ऑपरेटिंग सिस्टिमने ती अजून साध्या माउससाठी दिलेली नाही.